भंडारा मतदारसंघ : दोन मतांची निवडणूक आणि बाबासाहेबांचा पराभव

भंडाऱ्यात बाबासाहेब निवडणूक हरले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. ते कसे हरले, त्या वेळी मतदान कसे होत असे आणि त्या मतदारसंघाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आजच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघातील मतदाराने, विशेषतः तरुण पिढीने, हा इतिहास समजून घेणे गरजेचे आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होते. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार निवडून जात. त्यातील एक जागा अनुसूचित जातींसाठी (काही ठिकाणी जमातींसाठी) राखीव असे, तर दुसरी सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेचा खासदारही सर्वच मतदार निवडत असत, केवळ अनुसूचित जातीचे मतदार नव्हे.

याचे मूळ १९३२ च्या पुणे करारात आहे. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी सोडावी लागली आणि संयुक्त मतदारसंघ आला. मात्र त्या करारात एक संरक्षण होते. आधी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांच्यातूनच अंतिम निवड व्हायची. स्वतंत्र भारताच्या निवडणुकीत ही प्राथमिक फेरी राहिली नाही. राखीव जागा राहिली, पण तिच्यावर कोण बसणार हे बहुसंख्य मतदारांच्या हाती गेले.

त्याचा पहिला फटका १९५२ मध्ये उत्तर मुंबईत बसला. तेथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि समाजवादी पक्षाची युती होती. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. 'मते कुजवणे' हा शब्द त्या निवडणुकीत गाजला. आपल्या उमेदवाराला एक मत द्यायचे आणि दुसरे मत कोणालाच द्यायचे नाही, ते वाया घालवायचे, म्हणजे मत कुजवणे. अशा प्रचाराचा फटका आपल्याला बसला, अशी बाबासाहेबांची तक्रार होती. त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक अर्जही दाखल केला, पण तो फेटाळला गेला.

मे १९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ द्विसदस्यच होता आणि दोन्ही जागांसाठी मतदान होते. बाबासाहेब त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते, तरी थेट जनतेतून लोकसभेत जाण्यासाठी ते राखीव जागेवर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते.

फेडरेशनच्या कार्यकर्त्यांपुढे प्रश्न होता तो दुसऱ्या मताचा. मुंबईत आपली मते कुजवली गेली, मग आपणही एकच मत बाबासाहेबांना देऊन दुसरे कुजवावे, असा विचार पुढे आला. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. पराभव झाला तरी चालेल, पण मत वाया घालवायचे नाही, अशी त्यांची भूमिका चरित्रकारांनी नोंदवली आहे. ज्यांनी 'एक व्यक्ती, एक मूल्य' हे तत्त्व देशापुढे ठेवले, ते मताधिकार कुजवायला सांगणार नव्हते.

निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले, म्हणजे तेथे काँग्रेस हरली. राखीव जागेवर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. मतदार तेच, मतदानही तेच, पण एका जागेवर काँग्रेसला नकार आणि दुसऱ्या जागेवर होकार. मेहतांना मत देणाऱ्या अनेकांचे दुसरे मत बाबासाहेबांपर्यंत पोहोचले नाही, हाच या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

बोरकर यांच्या निधनानंतर १९५५ मध्ये अनुसयाबाई बोरकर खासदार झाल्या. १९५७ मध्ये काँग्रेसचे हजरनवीस आणि बाळकृष्ण वासनिक निवडून आले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले. १९६२ पासून भंडाऱ्यातून एकच खासदार जातो आणि ही जागा सर्वसाधारण आहे. १९५४ चे विजेते अशोक मेहता १९६७ मध्ये याच भंडाऱ्यातून पुन्हा निवडून आले, पण या वेळी काँग्रेसचे उमेदवार म्हणून!

पुढे या मतदारसंघाने कोणालाच कायमचे आपले मानले नाही. १९७७ मध्ये काँग्रेसविरोधी लाटेत लक्ष्मणराव मानकर आले, १९८९ मध्ये भाजपचे खुशाल बोपचे आले. प्रफुल्ल पटेल १९९१, १९९६ आणि १९९८ असे तीनदा जिंकले, २००४ मध्ये हरले, २००९ मध्ये पुन्हा आले आणि २०१४ मध्ये नाना पटोले यांच्याकडून पराभूत झाले. पटोले यांच्या राजीनाम्यानंतर २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे, २०१९ मध्ये भाजपचे सुनील मेंढे आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे प्रशांत पडोळे विजयी झाले.

आज या लोकसभा मतदारसंघातील सहा विधानसभा मतदारसंघांपैकी भंडारा आणि अर्जुनी-मोरगाव हे दोन अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळण्यासाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

भंडारा आपल्याला दोन गोष्टी शिकवतो. राखीव जागा मिळाली म्हणजे आपला प्रतिनिधी मिळालाच असे नाही, कारण त्या जागेवरचा उमेदवार पक्ष ठरवतात आणि निवड सगळे करतात. आणि युती मंचावर झाली तरी ती मतपेटीपर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून कोणत्याही पक्षाशी हातमिळवणी करताना प्रश्न एकच विचारावा : आमची मते तुम्हाला मिळतील, तुमची मते आम्हाला मिळतील का? बूथनिहाय आकडेवारी आज सर्वांना उपलब्ध आहे. निवडणूक संपल्यावर ती घेऊन बसावे, म्हणजे उत्तर मिळते.

मत कुजवण्याची पद्धत कायद्याने गेली. मतदार यादीत नाव न नोंदवणे आणि मतदानाच्या दिवशी घरी बसणे, हे आजचे मत कुजवणेच आहे. हरण्याची तयारी ठेवून बाबासाहेबांनी जे नाकारले, ते आपण आळसापायी करू नये.