घरातल्या कुत्र्याला गोचीड कुठून लागणार?

भिलाईतल्या सेक्टरमधलं क्वार्टर असो की नेहरूनगरचा बंगला, कुत्रा पाळणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आमचा घरातच असतो हो, त्याला काय होणार?’ गोचीड गवतात असते, गोठ्यात असते, फार तर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या अंगावर असते. कूलरसमोर फरशीवर पसरलेल्या लॅब्रडॉरशी तिचा संबंध नाही, असा हा हिशेब. तो थोडाथोडका चुकलेला नाही, पार उलटा आहे. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ‘ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस’, ही गोचिडींमधली घरबशी जात आहे. अंड्यापासून अंड्यापर्यंतचं तिचं सगळं आयुष्य चार भिंतींच्या आत पार पडू शकतं. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि दर वेळी पोट भरलं की कुत्र्यावरून खाली उतरते. उतरून जाते कुठे? प्लास्टरच्या भेगेत, चौकटीमागे, पलंगाखाली, कुत्र्याच्या गोधडीच्या शिवणीत. तिथेच कात टाकते आणि एक मादी तिथेच हजारो अंडी घालते. उपाशीपोटी ती महिनोन् महिने तग धरते. म्हणजे अंगावर दिसलेल्या चार गोचिडी हा घरातल्या एकूण संख्येचा किरकोळ भाग असतो. फिरायला नेताना जिन्यात झोपलेल्या कुत्र्याजवळून एक मादी आली तरी पुढचं काम ती घरातच उरकते. थंडीत हा धंदा बंद पडतो, ही त्याच समजुतीची धाकटी बहीण. भिलाईच्या डिसेंबरमध्ये बाहेर हुडहुडी भरत असेल, पण क्वार्टरच्या आत गोचीड मरण्याइतका गारठा कधीच नसतो.

यावर लगेच उत्तर येतं की आम्ही रोज अंग तपासतो, दिसली की काढतो. तपासायलाच हवं, पण तेवढ्यावर भागत नाही. या गोचिडीमुळे कुत्र्यांना होणाऱ्या गोचीड तापाचा जंतू, ‘एर्लिकिया कॅनिस’, गोचीड चिकटल्यापासून तीन तासांतही कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतो, असं ‘व्हेटरनरी पॅरासिटॉलॉजी’ या नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. संध्याकाळी काढलेली गोचीड सकाळी चिकटलेली असेल, तर तिचं काम झालेलं असू शकतं. शिवाय गोचिडीचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, मोहरीपेक्षाही लहान असतो. केसाळ कुत्र्यावर तो शोधणार कोण? काढलेली गोचीड नखांवर चिरडण्याची सवय तर तातडीने सोडायला हवी, कारण हीच गोचीड माणसांतल्या ‘इंडियन टिक टायफस’चीही वाहक आहे. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि स्पिरिटमध्ये बुडवावी. उन्हाचा मुद्दाही इथेच येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, तापमान २३ वरून ३८ अंशांवर नेल्यावर या गोचिडीच्या उष्ण प्रदेशातल्या वाणाचा कल कुत्र्याकडून माणसाकडे झुकला. आपल्या मे महिन्यात ३८ म्हणजे दिलासाच.

‘गावठी कुत्र्यांना कुठे काय होतं?’ हा पुढचा आक्षेप. होतं, पण त्यांचं रक्त तपासायला कोणी नेत नाही. शिवाय हा आजार फसवा आहे. सुरुवातीचा ताप आणि मरगळ दोन-चार आठवड्यांत ओसरते, मालक निर्धास्त होतो, आणि जंतू महिने किंवा वर्षंही गप्प बसून राहतो. मग एखाद्या दिवशी नाकातून रक्त येतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन लष्कराचे कुत्रे या रोगाने मोठ्या संख्येने मेले. त्यांतले बहुतेक जर्मन शेफर्ड होते, आणि आपल्याकडेही ही जात आवडीने पाळली जाते. या रोगावर बाजारात लस नाही, म्हणून ‘सगळ्या लशी झाल्यात’ हे इथे उत्तर होऊ शकत नाही. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध चालतं, पण साधारण चार आठवडे. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी थांबवायचं नसतं. गोचीड मारणाऱ्या गोळ्या आणि मानेवरचे थेंब ‘विषारी’ असतात, ही भीती मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. गोळ्यांच्या एका गटामुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. पण त्याच प्रशासनाने बहुतेक कुत्र्यांसाठी त्या सुरक्षित असल्याचंही सांगितलं. आधी झटके आले असतील तर डॉक्टरांना सांगावं, इतकाच त्याचा अर्थ. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध आणूच नये, ते मांजराच्या जिवावर बेततं.

बाकीच्या समजुतींना इतकी जागा द्यायची गरज नाही. लसणाने गोचीड पळत नाही; कुत्र्याच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात, आणि गोचीड तापात रक्त आधीच कमी झालेलं असतं. रॉकेल चोळल्याने कातडी भाजते. उन्हाळ्यात जर्मन शेफर्ड किंवा पोमेरेनियनचा गोटा करू नये. मोकळे केस विंचरून काढावेत, बाकीचे उन्हापासून राखण करतात. ओलं नाक म्हणजे तब्येत ठणठणीत, असं नसतं. उष्माघात झालेल्या कुत्र्यावर पाणी ओतू नये म्हणणाऱ्यांचं ऐकू नका: नळाच्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि मग दवाखाना गाठा. पिल्लाची एक लस पुरत नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लशीला आडवी येते, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. आणि पार्व्होचा विषाणू तुमच्या चपलेला चिकटून घरात येतो, त्यामुळे ‘बाहेर जातच नाही’ हे तिथेही लागू पडत नाही.

तेव्हा कुत्र्याला बारा महिने, ठरल्या तारखेला गोचिडीचं औषध द्या, भिंतीच्या भेगा बुजवा, गोधडी उकळत्या पाण्यात धुवा. कुत्रा दोन दिवस जेवला नाही किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर ‘उन्हामुळे असेल’ म्हणत थांबू नका. दुर्गजवळ अंजोऱ्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा आपला नेहमीचा डॉक्टर गाठा, आणि प्लेटलेटची तपासणी मागून घ्या.