काळ्या-पांढऱ्या गाईचं पिवळं चाक

प्रवरेच्या कालव्याखालच्या गावांत पहाटे दूध संकलन केंद्रावर कॅन येऊ लागतात, तेव्हा त्यातलं बहुतेक दूध संकरित गाईंचं असतं. राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर, कुठल्याही गोठ्यात डोकावावं, दावणीला काळी-पांढरी होल्स्टन दिसतेच. या गाईचं मूळ नेदरलँड्सच्या फ्रिसलंड आणि नॉर्थ हॉलंड या सखल, ओल्या प्रांतांत आणि त्यांना लागून असलेल्या उत्तर जर्मनीत आहे. तिकडच्या शेतकऱ्यांनी तिच्या दुधाचं काय करायचं हे कित्येक शतकांपूर्वीच ठरवलं होतं: गौडा आणि एडाम. अहिल्यानगर जिल्ह्यात त्यातली गाय आली, चीज मात्र मागेच राहिलं.

गाय आली ती ठरवून आणलेली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला 'बाएफ' संस्था उभी केली आणि गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवण्याची पद्धत रुजवली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याच दिशेने पुढचं पाऊल टाकलं. होल्स्टन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांच्या संकरातून तिथे 'फुले त्रिवेणी' तयार झाली. तिच्यात निम्मा वाटा होल्स्टनचा. दूध वाढलं, घराघरात रोजचा पैसा आला आणि अहिल्यानगर राज्यातल्या मोठ्या दूध उत्पादक जिल्ह्यांत जाऊन बसला.

पण दूध थांबत नाही. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या (दुधातल्या फॅटखेरीज घन भागाच्या) हिशोबावर भाव ठरतो, आणि तो पडला तरी संध्याकाळची धार काढावीच लागते. १ जून २०१७ रोजी याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर ओतलेल्या दुधाची छायाचित्रं देशभर गेली. २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूधदरासाठीच धरणं धरलं गेलं. आज काढलेलं दूध वर्षभर टिकवून, उलट त्याची किंमत वाढवत नेणारी कला म्हणून गौड्याकडे पाहिलं, की तो परदेशी चैनीचा पदार्थ वाटत नाही.

एक किलो गौड्याला साधारण दहा लिटर दूध लागतं. मोठं चाक बारा किलोच्या आसपास भरतं, म्हणजे दिवसाला बारा लिटर देणाऱ्या गाईचं दहा दिवसांचं दूध एका चाकात बसतं. पाश्चराइज केलेलं दूध तीस अंशांच्या आसपास आणून त्यात विरजण घालतात, मग दूध घट्ट बसवणारं रेनेट. भारतात बनणाऱ्या चीजला सूक्ष्मजीवांपासून काढलेलं शाकाहारी रेनेट वापरतात. अर्ध्या-पाऊण तासात दूध घट्ट बसतं. तारांच्या चौकटीने त्याचे बारीक तुकडे करतात, ते निवळीत हलवत ठेवतात. इथपर्यंत चेडरची कृती फारशी वेगळी नाही.

वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. निवळीचा काही भाग काढून टाकायचा आणि तेवढंच गरम पाणी त्यात ओतायचं. या पाण्याबरोबर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, धुऊन निघते. विरजणातल्या जिवाणूंना खायला कमी उरतं, आंबटपणा एका मर्यादेवर थांबतो. चेडरला जी आंबूस धार असते ती गौड्यात नसते; त्याची चव गोडसर, लोण्यासारखी आणि पुढे खमंग होत जाते, याचं सगळं रहस्य त्या गरम पाण्यात आहे. नंतर साच्यात दाबून चाक बनवायचं, काही दिवस मिठाच्या पाण्यात तरंगत ठेवायचं आणि बारा ते पंधरा अंशांच्या खोलीत लाकडी फळ्यांवर मांडून पुन्हा पुन्हा उलटत राहायचं.

इथे नगरी गोठ्याशी थेट जोडलेली एक गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्याच्या तरतुदीसाठी मक्याचा मुरघास आता गावोगाव पिशव्यांत भरला जातो. दुष्काळी पट्ट्यात तो वरदानच आहे. पण मुरघास नीट दाबला गेला नाही, त्यात माती किंवा हवा राहिली, तर क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू वाढतात आणि शेणामार्फत कासेवर, तिथून दुधात येतात. चहाच्या दुधात त्यांचा पत्ताही लागत नाही. गौड्यात मात्र ते महिना-दोन महिन्यांनी जागे होतात, आत वायू धरतो, चाक फुगतं, तडकतं आणि उग्र वास मारतं. पाश्चरायझेशनने हे बीजाणू मरत नाहीत. डच कारखाने वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून दूध काढून बीजाणू वेगळे करतात. चांगल्या चीजची सुरुवात वैरणीपासून होते, ती अशी.

आता ओळख. डच व्यापारी चाकावर आधी बोटाने टकटक करून कान देतो. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. मग एक पन्हाळीसारखी पोलादी सुरी चाकात खुपसून, फिरवून, चीजची लांब कांडी बाहेर काढतो. ती वाकवतो, हुंगतो, चिमूट चाखतो आणि उरलेली कांडी परत त्याच भोकात बसवतो. गौडा शहरात १६६८ साली बांधलेल्या वजनघराच्या चौकात उन्हाळ्यातल्या गुरुवारी हा बाजार आजही पर्यटकांसाठी भरतो. तिथे भाव ठरतो हातावर टाळी देत देत. घोडेगावच्या किंवा काष्टीच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून होणारा सौदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती रीत परकी वाटणार नाही.

ग्राहकाच्या हाती अख्खं चाक क्वचितच येतं, तुकडा येतो. तरी त्यावरून बरंच कळतं. गौड्याच्या चाकाची कड गोलाकार असते, एडाम चेंडूसारखा, वर-खाली किंचित चपटा. बाहेरच्या बाजारासाठी निघालेल्या एडामवर लाल मेण असतं. गौड्यावर बहुधा पातळ पिवळं आवरण, जुन्यावर काळं. हे आवरण काढूनच खायचं. कापलेल्या बाजूवर तुरळक, वाटाण्याहून लहान, गोल आणि चकचकीत डोळे हवेत. लांबट चिरा दिसल्या तर ते लक्षण चांगलं नाही. पाकिटावर ४८+ असा आकडा असेल तर त्याचा अर्थ पाणी वगळून उरलेल्या घन भागात किमान अठ्ठेचाळीस टक्के स्निग्धांश. एडामवर तो ४०+ असतो.

नावावर मात्र विसंबू नये. गौडा हे नाव जगात कुणीही वापरू शकतं आणि अमूलसुद्धा गुजरातेत गौडा बनवतं. २०१० पासून युरोपीय संघात संरक्षण आहे ते 'गौडा हॉलंड' आणि 'एडाम हॉलंड' या जोडनावांना. अस्सल डच चाकाच्या सालीत केसिन या दुधातल्या प्रथिनाचा छोटा शिक्का रुतवलेला असतो आणि प्रत्येक चाकाचा क्रमांक वेगळा. भारतीय दुकानात सर्वांत उपयोगी पडते ती घटकांची यादी. दूध, मीठ, विरजण, रेनेट, फार तर रंग, एवढंच असेल तर ते नैसर्गिक चीज. इमल्सिफाइंग सॉल्ट दिसलं की ते वितळवून पुन्हा थापलेलं प्रोसेस्ड चीज. तपकिरी सालीचा, सॉसेजच्या आकाराचा 'स्मोक्ड गौडा' बहुतेक वेळा याच दुसऱ्या प्रकारातला असतो.

वयाप्रमाणे गौडा पार बदलतो. चार आठवड्यांचा मऊ, फिकट, सौम्य. चार महिन्यांचा भरदार. वर्ष उलटलं की रंग टॉफीकडे झुकतो, चीज कापण्याऐवजी फुटू लागतं आणि दाताखाली पांढरे कण कुरकुरतात. हे कण मिठाचे नव्हेत, प्रथिनं तुटताना सुटलेल्या टायरोसीनचे स्फटिक आहेत. लॅक्टोज तोवर जवळजवळ संपलेलं असतं, त्यामुळे दूध न पचणाऱ्या अनेकांनाही जुना गौडा चालतो.

मराठी जिभेने मात्र सुरुवात मसाल्याच्या गौड्यापासून करावी. डच लोक चीजमध्ये जिरं घालतात, फ्रिसलंडमध्ये जिऱ्याबरोबर लवंग, आणि मेथीदाण्याच्या गौड्याला अक्रोडासारखी चव येते. हे मसाले त्यांच्या मातीतले नाहीत. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं ज्या व्यापारावर चालली त्यात लवंग मोलाची होती. त्याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही होती आणि तिचे अवशेष अजून उभे आहेत.

खाण्याआधी तासभर तुकडा फ्रिजबाहेर ठेवावा. थंडगार चीजला वास नसतो आणि वासाशिवाय अर्धी चव जाते. एप्रिल-मेच्या नगरी उन्हाळ्यात वीस मिनिटंही पुरतात, नाहीतर तूप सुटतं. कोवळा गौडा पातळ कापावा, जुना खडे करून खावा. जिऱ्याचा गौडा गरम ज्वारीच्या भाकरीवर ठेवला की कडेने हलकेच वितळतो आणि भाकरीची गोडी त्याला चांगली पेलते. जुन्या गौड्याबरोबर राहात्याचा पिकलेला पेरू खाऊन पाहावा; खारट आणि गोड एकमेकांना इतकं उठाव देतात की दुसरं काही लागत नाही. उरलेला तुकडा मेणकागदात गुंडाळावा. प्लॅस्टिकमध्ये त्याला घाम फुटतो.

चीज बनवण्याची विद्या जिल्ह्याला नवी नाही. श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीने चीजचा कारखाना उभारला आणि २०१९ मध्ये तो दुग्धव्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टालिसने सुमारे सतराशे कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. शेजारच्या पुणे जिल्ह्यात मंचरला पराग मिल्क फूड्स आहे. पण मागणी पिझ्झाची, म्हणून भर मोझरेला, चेडर आणि प्रोसेस्ड चीजवर. मुरवलेल्या गौड्याला बारा-पंधरा अंशांची खोली, ओलावा, अखंड वीज आणि महिनोन्‌महिने अडकून राहणारं भांडवल लागतं. एखाद्या तालुका दूध संघाने ज्या हंगामात भाव पडतो त्या हंगामातलं, मुरघास न खाल्लेल्या गोठ्यांचं दूध वेगळं गोळा करून पहिली शंभर चाकं फळीवर लावली, तर ती पुढच्या दिवाळीला कापायला तयार होतील.