घरच्या घरी स्पॅनिश

वाचकहो, पन्नाशी आली, आता कसली नवी भाषा, असे म्हणू नका. विनोबाजी १९४२ नंतर वेल्लोरच्या तुरुंगात होते. तेथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या भाषांचा अभ्यास केला.

शिरूर-दौंडकडे धारा, डेअरीला दूध, उसाला पाणी यांतून वेळ कुठला, असे कोणी म्हणेल. पण विजेची वाट पाहत मोटारीपाशी बसतो, ती वीस मिनिटे आपलीच असतात.

स्पॅनिश स्पेनची, तशीच मेक्सिको व पेरूचीही. आपली मिरची मूळची मेक्सिकोकडची, बटाटा पेरूकडचा. तिकडे टोमॅटोला 'तोमाते' आणि बटाट्याला 'पापा' म्हणतात.

मराठी जिभेला ही भाषा जड नाही. स्वर पाचच : आ, ए, इ, ओ, उ. त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे. बहुतेक लिहिले तसेच वाचायचे. 'एच' हे अक्षर मात्र मुके. नामे पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी, नपुंसकलिंग नाही. घर म्हणजे 'कासा', ते स्त्रीलिंगी.

रोज पाचच शब्द घ्या. पाणी 'आग्वा', दूध 'लेचे', पाव 'पान'. वहीत देवनागरीत लिहा, मोबाईलवर उच्चार ऐका, मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी वही मिटून आधी कालचे आठवा, मगच नवे घ्या. रविवारी आठवड्याचे शब्द मुलांना विचारायला सांगा. आई-बाप शिकताना दिसले, की पोरांनाही अभ्यासाला बसा म्हणावे लागत नाही.