भूकंपातून सावरलेली कला आपल्या घरात

घर सजविताना आपण वस्तूचा रंग पाहतो, आकार पाहतो आणि व्यापारी कुटुंबात वाढल्यामुळे भावही पाहतो. ती कोणत्या गावाहून आली आणि तिच्या कारागिराने कोणते दिवस काढले, याची चौकशी मात्र सहसा होत नाही. निवृत्तीनंतर कच्छच्या प्रवासांत मी काही वस्तू घरासाठी आणल्या. त्यांच्या सौंदर्याबरोबर ही चौकशीही येथे मांडतो. कारण त्या सर्वांच्या मागे २००१ चा भूकंप आहे.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची धरणी हादरली. भुज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे कोसळली. सरकारी नोंदीनुसार तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. १९९३ चे किल्लारी आठवणाऱ्या मराठी माणसाला ते दुःख निराळे सांगावे लागत नाही. भुजच्या आईना महालाची मोठी हानी झाली. भद्रेश्वरचे आपले प्राचीन वसई तीर्थही भंगले आणि पुढे ते नव्याने उभारावे लागले.

माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे अजरखची सुती चादर. धमडका गावातील खत्री कुटुंबे पिढ्यान्पिढ्या हे छापकाम करीत आली आहेत. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर चुना व डिंकाचे ठसे उमटवितात. काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड गुळाबरोबर आंबवितात. मग तुरटी, तांबडा रंग, नीळ आणि प्रत्येक टप्प्यानंतर भरपूर पाण्यात धुलाई. या कलेचे खरे भांडवल पाणी आहे, आणि भूकंपाने नेमका त्यालाच हात घातला. धमडक्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले व रंग बिघडू लागले. तेव्हा डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांच्यासारख्या जाणत्यांच्या पुढाकाराने अनेक कुटुंबांनी भुजजवळ चांगल्या पाण्याची जागा शोधली व तेथे नवे गाव वसविले. त्याचे नाव अजरखपूर. काही कुटुंबे धमडक्यातच टिकून राहिली.

दुसरी वस्तू भिंतीवर आहे: निरोणा गावातील रोगण कलेचा जीवनवृक्ष. एरंडेल तेल दीर्घकाळ उकळून घट्ट करतात आणि त्यात रंग मिसळतात. तो चिकट रंग तळहातावर घेऊन धातूच्या सळईने त्याचा धागा ओढतात व कापडाच्या अर्ध्या भागावर नक्षी काढतात. मग कापड दुमडले की दुसऱ्या अर्ध्यावर तीच नक्षी उमटते. ही कला मोजक्याच हातांत उरली होती. या परंपरेतील अब्दुल गफूर खत्री यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्याच गावच्या लोहारांची घंटा आमच्या दारात टांगली आहे. लोखंडी पत्र्याचे तुकडे जोडकाम न करता एकमेकांत अडकवून तिला आकार देतात, तांब्याच्या भुकटीचा लेप देऊन भट्टीत भाजतात आणि शेवटी कानाने ऐकत, हातोडीचे हलके ठोके देत तिचा नाद जुळवितात. पूर्वी ती गुरांच्या गळ्यात असे. मालकाला आपले जनावर नादावरून ओळखता यावे, हा तिचा उद्देश.

चौथी वस्तू लिप्पणकामाची लहान चौकट. माती व शेण यांच्या लेपात आरसे बसवून कच्छी स्त्रिया आपल्या भुंग्यांच्या भिंती सजवितात. भुंगा म्हणजे गोल भिंतीचे, शंकूसारख्या छपराचे घर. जेथे दगडी बांधकामाची चौकोनी घरे ढासळली, तेथे असे अनेक भुंगे उभे राहिले. नक्षीची भिंत आणि टिकणारी भिंत एकच असू शकते, हा धडा ती चौकट मला रोज देते.

बँकेत असताना कर्जासाठी आम्ही जागा, माल, दागिने तारण म्हणून पाहत असू. भूकंपात नेमके हेच तारण मातीला मिळाले. हातातील कौशल्य मात्र शिल्लक राहिले. त्या कौशल्याला मदतीचे तंबू काही महिने जगवू शकतात. वर्षानुवर्षे जगविणारा एकच, तो म्हणजे नियमित ग्राहक. आणि येथेच आपला, म्हणजे व्यापारी समाजाचा, संबंध येतो.

बाजारात आज अजरखच्या नावाने यंत्रावर छापलेले कापड सर्रास विकले जाते. तांबडा, निळा, काळा हे रंग तेच आणि भाव अगदी थोडा. कारागिराला भूकंपापेक्षाही ही स्पर्धा जड जाते, कारण ती रोजची आहे. कच्छी अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाची राखण अखेर दुकानदाराच्या जिभेवर असते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे: अस्सल म्हणून नक्कल खपविणे. यंत्रावरचे कापड अवश्य विकावे, परंतु ते यंत्रावरचे आहे असे सांगून.

ग्राहकानेही काही गोष्टी पाहाव्यात. हातछपाईत ठशांच्या सांध्यावर रेषा किंचित सरकलेली दिसते. यंत्राची रेषा निर्जीवपणे सारखी असते. पावतीवर कारागिराचे किंवा संस्थेचे नाव मागावे. अजरख प्रथम थंड पाण्यात वेगळी धुवावी व सावलीत वाळवावी. रोगणचे चित्र थेट उन्हात लावू नये. घासाघीस करताना त्या वस्तूमागील दिवस मोजावेत. लग्नातील भेटींसाठी मोठी मागणी द्यायची असेल तर काही महिने आधी, आगाऊ रक्कम देऊन द्यावी. कारागिराला कच्चा माल उधारीवर घ्यावा लागत नाही.

तेराव्या शतकात भद्रेश्वरच्या जगडूशाहांनी दुष्काळात आपली धान्याची कोठारे खुली केली, म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. पुढे कच्छी जैन व्यापारी मुंबईत आले. मस्जिद बंदरातील नरशी नाथा रस्ता त्याची साक्ष देतो. संकटात दान करण्याची रीत आपल्याकडे आहेच. संकट ओसरल्यावर, वर्तमानपत्रांना त्याचा विसर पडल्यावर, रास्त भावाने आणि खऱ्या नावाने केलेली खरेदी ही त्याच रीतीची पुढची पायरी आहे. येत्या दिवाळीला घरात एखादी नवी वस्तू आणताना ती कोणी घडविली, एवढे अवश्य विचारावे.