नाडी, खिसा आणि चौबगला

थॉमस इकिन्स या अमेरिकन चित्रकाराची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहावीत. १८७५च्या ‘द ग्रॉस क्लिनिक’मध्ये डॉक्टर काळ्या लांब कोटात शस्त्रक्रिया करताहेत, हात रक्ताने माखलेले. १८८९च्या ‘द अ‍ॅग्न्यू क्लिनिक’मध्ये तेच काम पांढऱ्या कपड्यांत चाललंय. जंतूंविषयीची समज मधल्या काळात अंगावरच्या कापडापर्यंत पोचली होती. पण पांढरा रंगही प्रखर दिव्याखाली डोळ्यांवर यायचा. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. हॅरी शर्मन यांनी हिरवा निवडला. सतत लाल पाहून थकलेल्या नजरेला पांढऱ्यावर हिरवट छाया दिसतात. हिरव्या कापडावर त्या विरून जातात.

आजच्या ‘स्क्रब्ज’चा, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या सदरा-विजारीचा, बाकीचा अवतारही असाच गरजेतून आलेला. बटणं नाहीत, कारण तुटून पडेल असं काही नकोच. नाडी अशासाठी, की धुऊन आलेल्या ढिगातली विजार कोणालाही बसावी. काही सदऱ्यांना खिसा आतूनही असतो, बाहेरूनही. घाईत उलटा घातला तरी बिघडत नाही.

या स्क्रब्जशी आज जवळीक साधलेल्या व्यायामाच्या कपड्यांचं मूळ तर याहून घरगुती. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, हिंडा मिलर आणि पॉली स्मिथ यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा पट्टे एकत्र शिवून पहिली ‘जॉगब्रा’ केली. त्याआधी १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा ताणणारा धागा शोधला होता. पण नुसत्या ताणाने भागत नाही. लेगिंग्जच्या चार शिवणी जांघेत एकाच बिंदूवर आल्या, तर बसताउठताना सगळा ताण तिथेच येतो. म्हणून तिथे शंकरपाळ्यासारखा वेगळा तुकडा घालतात. आपल्या जुन्या अंगरख्याच्या बगलेतला चौबगला हेच काम करायचा. सपाट शिवण हा दुसरा गुण: तिची कड आतून उभी राहत नाही, म्हणून धावताना कातडी सोलवटत नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या ‘फिग्ज’ या कंपनीने ही दोन कपाटं एक केली. अंगाबरोबर ताणणारं कापड, योगाच्या विजारीसारखा कमरपट्टा, भरपूर खिसे. मला यात पायाच्या घोट्याशी असलेली घट्ट विणीची रिब सर्वांत आवडते. जिममध्ये ती ऐट आहे. शस्त्रक्रियागृहासाठीच्या काही खास पोशाखांत मात्र अंगावरून सुटणारे त्वचेचे कण खाली पडू नयेत म्हणून बाह्यांना आणि घोट्यांना अशीच घट्ट कड असते.

खरी अडचण धुलाईची. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या धुलाईघरांत कपडे ६५ अंशांवर किमान १० मिनिटं धुतात. अशा उष्णतेत वारंवार धुतल्याने आणि क्लोरिनच्या ब्लीचमुळे स्पॅन्डेक्स लवकर सैल पडतं. दुसरी अडचण घामाची. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, धाग्यांमधल्या फटींतून पसरवतं. तो उडून जायला मात्र हवा कोरडी लागते, त्यामुळे मुंबईच्या जुलैत ‘ड्राय’ या चिठ्ठीवर फार विसंबू नये.

दुकानात आरशासमोर उभं राहून काहीच कळत नाही. खिशात फोन टाकावा, उकिडवं बसावं, दोन्ही हात वर करावेत. पाठ उघडी पडली, कंबर घसरली किंवा फोन मांडीवर आपटायला लागला, तर ते कापड कितीही देखणं असो, परत घडी घालून ठेवावं.