मुका ‘के’ काय सांगतो?

इंग्लंडचा राजा एखाद्या मान्यवराच्या खांद्याला तलवार टेकवतो आणि तो माणूस ‘नाइट’ होतो. हजार वर्षांपूर्वी मात्र या शब्दात कसलाही मान नव्हता. तेव्हा त्याचा उच्चार ‘क्निख्त’ असा होई आणि अर्थ होता साधा मुलगा. पुढे तो वरकाम्या नोकर झाला, मग राजाच्या पदरचा शिलेदार, आणि शेवटी किताब. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नेख्ट’ आजही गडीच आहे.

‘नेव्ह’चे नशीब नेमके उलटे. मूळचा ‘क्नाव्हा’ म्हणजेही मुलगाच. तो आधी चाकर झाला, मग लबाड ठरला. पत्त्यांतल्या ज्या पानाला आपण गुलाम म्हणतो, त्याचे इंग्रजीतले जुने नाव नेव्हच.

या दोन्ही शब्दांचे स्पेलिंग ‘के’ आणि ‘एन’ या अक्षरांनी सुरू होते. गुडघा म्हणजे ‘नी’, गाठ म्हणजे ‘नॉट’, जाणणे म्हणजे ‘नो’, हे याच गोतावळ्यातले. विणण्याला ‘निट’ म्हणतात. त्याचा जुना अर्थ गाठ मारणे. या सगळ्यांत ‘क’ एके काळी खणखणीत ऐकू येई. ‘क्न’ म्हणताना जिभेचा मागचा भाग आधी टाळूला टेकतो आणि लगेच शेंडा दातांमागे जातो. जर्मन आणि डच माणसे ही कसरत आजही सहज करतात. गुडघ्याला ते ‘क्नी’ म्हणतात. इंग्रजांच्या तोंडून हा ‘क’ सतराव्या शतकात हळूहळू गळाला. तोवर विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढून बराच काळ लोटला होता आणि छापील पुस्तकांमुळे स्पेलिंग रुळत आले होते. उच्चार बदलला, अक्षर कागदावर राहिले.

हे उरलेले अक्षर मोठा पुरावा आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ध्वनिबदलाचे नियम मांडले. त्यांपैकी एक असा, की मूळ भाषेत जिथे ‘ग’ होता, तिथे जर्मन-इंग्रजी कुळात ‘क’ येतो. गुडघा लॅटिनमध्ये ‘गेनु’, ग्रीकमध्ये ‘गोनु’, इंग्रजीत ‘के’ने सुरू होणारा ‘नी’. संस्कृतात त्याच मूळ ध्वनीचा ‘ज’ झाला, म्हणून आपला ‘जानु’. ‘नो’चेही तसेच: ग्रीक ‘ग्नोसिस’, संस्कृत ‘ज्ञा’ आणि आपले ‘जाणणे’ ही एकाच घरची भावंडे. तो ‘के’ स्पेलिंगमधून उडाला असता, तर हे नाते नुसत्या नजरेला दिसलेच नसते.

आणि असे जोडाक्षर अवघड जाणारे इंग्रज एकटेच नाहीत. ‘ज्ञ’ म्हणजे ‘ज्’ आणि ‘ञ’. तरी मराठी माणूस ‘द्न्यान’ म्हणतो, हिंदी भाषक ‘ग्यान’, गुजराती ‘ग्नान’. एकाच धातूच्या आरंभी आलेली ही जोडी प्रत्येकाने आपापल्या परीने सोपी केली; लिहिताना मात्र कोणीच मोडली नाही.

म्हणून शाळेत ‘सायलेंट के’ शिकवताना शिक्षकांनी फळ्यावर ‘नो’शेजारी ‘ज्ञान’ जरूर लिहावे. परके वाटणारे ते स्पेलिंग आपल्याच नात्यातले आहे हे कळले, की मुलांना ते घोकावे लागणार नाही.