वर्ध्याची थंडी वर्ध्यातच तयार होते

"यंदा हिमालयात बर्फच कमी पडला, म्हणून आपल्याकडे थंडी नाही भाऊ." डिसेंबर उजाडला की हे वाक्य वर्ध्यात कुठेही ऐकू येतं. चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत. बर्फ भरपूर पडला असेल तर त्याचंच दुसरं रूप: "वर बर्फ पडला ना, आता दोन दिवसांत पोचते इथे." जणू थंडी दिल्लीहून गाडीत बसते आणि सेवाग्राम स्टेशनला उतरते. बातम्याही यात तेलच ओततात. "उत्तरेकडील शीत वाऱ्यांमुळे पारा घसरला" हे एक वाक्य लिहिलं की कारणमीमांसा संपली.

आमच्यासारखी तापमानाच्या वह्या भरणारी मंडळी थंडीची चातकासारखी वाट पाहतात. लोकांना याचंही नवल वाटतं. पावसाळ्यात ढग, वीज, वादळ असतं. थंडीत नुसतं कोरडं निळं आकाश, त्यात बघायचं काय? या प्रश्नाचं उत्तर आणि हिमालयाच्या गैरसमजाचं उत्तर एकच आहे, म्हणून आधी हिमालयाचा हिशेब मिटवू.

वर्ध्यापासून हिमालयाचा पायथा हजारेक किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सातपुडा आडवा पडलाय. पण अंतराचा मुद्दा सोडा. समजा, 4 किलोमीटर उंचीवरच्या बर्फाळ उतारावरची उणे 10 अंशांची हवा आपण उचलली आणि 250 मीटरच्या आसपास उंची असलेल्या वर्ध्यात आणून ठेवली. खाली येताना हवेवरचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी तापते. पावणेचार किलोमीटर उतरेपर्यंत ती 27 अंशांच्या घरात गेलेली असेल. म्हणजे हिमालयावरची हवा खरोखरच घसरत वर्ध्याला आली, तर स्वेटर काढून ठेवावा लागेल. उलट मध्य आशियातली खरी कडाक्याची थंडी अडवून धरायचं काम हिमालय करतो. तो नसता तर आपण हा वाद घोंगडी पांघरून घातला असता.

मग उत्तरेचा वारा काहीच करत नाही का? करतो, आणि तेही नीट सांगायला हवं, नाहीतर दुसराच गैरसमज पसरायचा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतावरून सरकतात, तिकडे पाऊस-बर्फ पाडतात आणि पुढे निघून जातात. त्यांच्या पाठोपाठ वायव्येच्या मैदानांवरची गार, कोरडी हवा मध्य भारताकडे वाहते. ही हवा थोडी थंड असते, पण तिचा खरा गुण म्हणजे कोरडेपणा. बर्फ आणि आपली थंडी यांची गाठ पडते ती एवढीच: दोन्ही एकाच विक्षोभाचा परिणाम. बर्फ हे थंडीचं कारण नव्हे. कोरड्या हवेनं आकाश धुऊन निघतं आणि मग आपली जमीन आपलं काम सुरू करते.

ते काम असं. दिवसभर तापलेली जमीन उष्णता आकाशाकडे सतत सोडत असते. हवेत बाष्प आणि ढग असले तर ते ती उष्णता शोषून बरीचशी परत खाली पाठवतात. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असलं तर उष्णता निघून जाते ती जातेच. सूर्य मावळताच शिवाराचा पृष्ठभाग झपाट्यानं गार होतो, कोरडी भेगाळलेली काळी माती खालची ऊब वर येऊ देत नाही, आणि मातीला चिकटलेली हवा मातीच्या मागोमाग गारठते. गार हवा जड, म्हणून ती वर उठत नाही. उतारानं हळूहळू खाली सरकते आणि नदीनाल्याच्या खोलगट भागात साचते. पवनारला धामच्या काठाशी जो गारठा लागतो तो चढावरच्या रस्त्यावर नसतो, याचं कारण हेच. सेवाग्रामच्या एखाद्या रिकाम्या वावरात आणि वर्धा शहरातल्या सिमेंटच्या गल्लीत त्याच पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज सापडतो. दोन्ही ठिकाणी वारा उत्तरेचाच, मग फरक कुठून आला? जमिनीतून.

हे डोळ्यांनी दिसतं आणि कानांनी ऐकूही येतं. जानेवारीत दिवेलागणीला गावाबाहेर उभे राहा. चुलीचा धूर घरावरून सरळ वर जातो, एका उंचीला अडतो आणि आडवा पसरतो. तिथून वर हवा उबदार आहे, खाली गार. एरवी वर जावं तसं हवा गार होते, इथे उलटं झालेलं असतं. हवामानशास्त्रात याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. वरच्या उबदार हवेतून आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून अशा रात्री रेल्वेचा भोंगा एरवी पोचत नाही त्या गावांपर्यंत स्पष्ट पोचतो. वर्ध्यात हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई असे दोन मोठे लोहमार्ग भेटतात, तेव्हा भोंग्यांना तोटा नाही.

अजून शंका असेल तर अडीचशे वर्षांपूर्वीची साक्ष आहे. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये इलाहाबादेकडे बर्फ कसा बनवत त्याचं वर्णन दिलंय. उघड्या माळावर सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे, तळाला उसाची किंवा मक्याची वाळकी धाटं अंथरायची, वर मातीची उथळ भांडी ठेवून सांजवेळी त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. सूर्य उगवायच्या आत भांड्यांत बर्फ. आजूबाजूच्या डबक्यांत मात्र बर्फाचा मागमूस नाही. खालची ऊब धाटांनी तोडली आणि वरचं आकाश मोकळं सोडलं, एवढीच करामत. पुढे 1814 मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावरच्या निबंधात निरभ्र रात्री वस्तू आकाशाकडे उष्णता सोडून आसपासच्या हवेपेक्षा गार होतात, हे प्रयोगांनी दाखवलं. गंगेच्या मैदानात बर्फ करणाऱ्या त्या अनाम कारागिरांना हे हातांनी ठाऊक होतं.

सगळ्यात सोपी कसोटी वाऱ्याची. थंडी फक्त वाऱ्यानं येत असती, तर जितका वारा जोरात तितका पारा खाली गेला असता. होतं उलट. रात्रभर वारा वाहिला तर तो वरची उबदार हवा खाली कालवतो आणि पारा अडखळतो. अंगाला मात्र झोंबतं, म्हणून लोक म्हणतात, "आज काय गारठा आहे!" तापमापक म्हणतो 13. दुसऱ्या रात्री वारा पडतो, पान हलत नाही, लोक म्हणतात, "आज कमी आहे," आणि पहाटे 9 निघतात. खरी थंडीची लाट येते ती या दोन्हींच्या जोडीनं: आधी एक-दोन दिवस उत्तरेचा कोरडा वारा, मग वारा पडलेल्या निवांत रात्री.

आता कळेल, आम्ही कशाची वाट बघतो ते. पाऊस अरबी समुद्रातून किंवा बंगालच्या उपसागरातून येतो. वर्ध्यात बसून त्याची नुसती वाट पाहता येते. थंडी मात्र आपल्या वावरात, संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत, डोळ्यांदेखत बनते. तिचा अंदाज बांधायला उपग्रह लागत नाही. ढग किती, वारा किती आणि हवेचा दवबिंदू किती, या तीन गोष्टी पुरतात. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसू लागतं ते. पारा तिथवर आला की बाष्प आपली उष्णता सोडतं आणि घसरण मंदावते. म्हणून संध्याकाळी दवबिंदू 12 असेल तर पहाटे 6 ची आशा धरू नये, आणि 3 असेल तर घोंगडी काढून ठेवावी. रात्री आकडा लिहायचा, सकाळी पडताळायचा. असा खेळ इथला उन्हाळा देत नाही. तेव्हा रोज 44 ऐवजी 45, एवढीच काय ती बातमी.

उन्हाळ्यावरून आठवलं. "वर्धा म्हणजे ऊन, इथे कसली थंडीची लाट? थंडी म्हणजे महाबळेश्वर," हे पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांचं ठरलेलं वाक्य. भारतीय हवामान विभाग थंडीच्या लाटेचा जो मुख्य पट्टा मानतो त्यात विदर्भ आहे. समुद्र दूर आणि हवा कोरडी, म्हणून मे महिन्यात पारा 46 वर जातो, आणि नेमकं त्याच कारणानं जानेवारीत तो कोसळतो. 29 डिसेंबर 2018 ला शेजारच्या नागपूरच्या वेधशाळेत 3.5 अंशांची नोंद झाली; त्याआधीचा नीचांक 7 जानेवारी 1937 चा, 3.9. राहिलं महाबळेश्वर. तिथलं किमान तापमान कित्येक पहाटे पुण्या-नाशिकपेक्षा जास्त असतं, कारण डोंगरमाथ्यावरची गार हवा दरीत उतरून जाते. वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाचे जे फोटो छापून येतात ते खरे असतात, पण ते गवताच्या पात्यावरचं तापमान. वेधशाळेचा तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो आणि निवांत पहाटे तो गवतापेक्षा तीन-चार अंश जास्त दाखवतो.

"8 अंशांना काय लाट म्हणायचं, दिल्लीत तर 4 असतात." लाट सरासरीशी तुलना करून ठरते. मैदानी भागात किमान तापमान 10 किंवा त्याखाली आणि सरासरीहून किमान 4.5 अंशांनी कमी असेल तर लाट; 6.4 हून जास्त घट असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा 4 वर किंवा त्याखाली गेला तरी लाटच. नागपूर-वर्ध्याकडची जानेवारीची सरासरी 12-13 च्या घरात, तेव्हा 8 ही इथे लाट ठरू शकते. दिल्लीची सरासरीच 7 च्या आसपास, तिथे 8 म्हणजे साधी पहाट.

आणि तो संदेश. दरवर्षी येतो, कोणीतरी काका कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतातच: "उद्या पहाटे 5.27 पासून अ‍ॅफेलियन, पृथ्वी सूर्यापासून 9 कोटी किलोमीटरवरून 15.2 कोटी किलोमीटरवर जाणार, भयंकर थंडी पडणार, सर्दी-खोकला होणार." पृथ्वी सूर्यापासून 9 कोटी किलोमीटरवर कधीच नसते. हे अंतर वर्षभरात 14.7 ते 15.2 कोटींच्या दरम्यान राहतं. सर्वांत दूर आपण जुलैच्या सुरुवातीला असतो, पावसाळ्यात! सर्वांत जवळ असतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे शेकोटीभोवती बसतो तेव्हा. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यपडताळणीनंही हा संदेश खोटा ठरवलाय. ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलण्यानं होतात, हे शाळेच्या भूगोलात असतं. काकांना तेवढं पुस्तक आणून द्या.

बाकीचे किरकोळ. मध्यरात्री सर्वांत जास्त थंडी नसते. ती सूर्योदयाच्या सुमारास असते, जानेवारीत सातच्या आसपास. ढग आले की दिवस गार वाटतो, पण रात्र उबदार होते. नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस फेंजल चक्रीवादळानं ढग पाठवले आणि महाराष्ट्रात जमलेली थंडी पळाली. मोबाइलवरचा आकडा बहुधा संगणकी अंदाज असतो, तुमच्या गावातला तापमापक नव्हे. आणि खरं यंत्रही बिघडतं: मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले, तो संवेदकाचा दोष निघाला. "एवढी थंडी, मग कुठे आहे तापमानवाढ?" असं विचारणाऱ्यांसाठी: 2024 हे भारतातलं 1901 पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, त्याच वर्षी थंड पहाटाही होत्या. दारूनं ऊब येते हेही खोटं. कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं आणि शरीर उलट लवकर गार पडतं. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, तेव्हा हा प्रश्न कागदोपत्री तरी उद्भवू नये.

हा शास्त्राचा काथ्याकूट शेतात उपयोगी पडतो. गहू-हरभऱ्याला गार रात्री मानवतात आणि कारंजा-आर्वीकडच्या संत्र्याला आंबिया बहारासाठी थंडीचा ताण हवाच असतो. पण धुवारी, म्हणजे दाट धुकं, बसली की तुरीचा फुलोरा गळतो, आणि पारा फार खाली गेला की कोवळी पिकं करपतात. थंडी वाऱ्यावर बसून येत असती तर हात जोडण्यापलीकडे उपाय नव्हता. ती आपल्याच मातीत बनते, म्हणून उपाय आहे: लाटेचा इशारा आला की रात्री ओलित करा. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच उबदार असतं, आणि ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, रात्री सावकाश सोडते. कृषी विभागाचा सल्लाही हाच असतो. शेतीपंपाला रात्री मिळणाऱ्या विजेला आपण शिव्या घालतो, त्या योग्यच आहेत. पण अशा एखाद-दुसऱ्या रात्री तेवढी ती कामी येते.

येत्या थंडीत साधा तापमापक आणा. भिंतीपासून दूर, छपराच्या सावलीत, छातीच्या उंचीला टांगा. झोपताना ढग, वारा आणि दवबिंदू पाहून पहाटेचा आकडा लिहून ठेवा, आणि सकाळी साडेआठच्या नोंदीनंतर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा वर्ध्याचा आकडा येतो, त्याच्याशी ताडून बघा.